पाण्याचं घड्याळ आणि शेवटचा परिच्छेद

प्राचीन रोममध्ये खुनाच्या खटल्यात गुलामाची साक्ष चालत असे, पण एका अटीवर. ती छळ करून काढलेली असली पाहिजे. गुलामानं आपण होऊन सांगितलेल्या गोष्टीला कायद्याच्या लेखी किंमत नव्हती. छळ आधीच उरकला जाई, कोणीतरी उत्तरं लिहून घेई आणि तो कागद कोर्टात वाचला जाई. मग दोन्ही बाजूंचे वकील त्या कागदावर बोलत, आणि फार सुंदर बोलत.

हे मला नॉटिंगहॅममध्ये कळलं, कौन्सिलच्या एका लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, प्रौढांसाठी चालणाऱ्या मंगळवारच्या वर्गात. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती. नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होता आणि मी त्याच्या व्हिसावर आले होते. त्याआधी सहा वर्षं मी विदर्भातल्या एका मराठी दैनिकात कोर्टाच्या बातम्या करत होते. नॉटिंगहॅममध्ये मराठी बातम्यांचा कोणाला काही उपयोग नव्हता. मला विद्यापीठात इतिहास शिकायचा होता. प्रवेश बघणाऱ्या बाईंनी माझी पदवी मान्य केली, पण इंग्रजीबद्दल त्या साशंक होत्या. एखाद्या सायंकाळच्या वर्गातून तोंडी परीक्षेत वरची श्रेणी घेऊन या, मग जागा देते, असं त्यांनी सांगितलं. त्या सत्रात वेळेत बसणारा वर्ग एकच होता: 'रोमन कोर्टातली भाषणकला: खुनाचे खटले'. तोंडी परीक्षा म्हणजे शेवटच्या आठवड्यात एक भाषण. त्या भाषणावर माझी जागा अवलंबून होती.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त लॅटिन शिक्षक होते. उंच, कोपराला झिजलेला लोकरीचा कोट, हातात कायम खडू. लॅटिन वाक्य वाचताना ते उजवा हात खांद्याच्या उंचीवर आणत आणि वाक्य संपेपर्यंत खाली घेत नसत. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले, हे आधीच लिहून ठेवते. खुनाचा आरोपी दाढी वाढवून मळक्या कपड्यांत कोर्टात येई. त्याची म्हातारी आई आणि पोरंबाळं पुढच्या बाकावर रडायला बसत. याला कोणी ढोंग म्हणत नसे. तसं न करणारा आरोपी उर्मट समजला जाई. भाषणाचा क्रम ठरलेला होता. आधी पंचांची मर्जी, मग घटनेची हकिगत, मग आपले पुरावे, मग विरुद्ध पक्षाच्या पुराव्यांचा फडशा आणि अगदी शेवटी अश्रू. वेळ पाण्याच्या घड्याळावर मोजत. पाणी संपलं की वकील संपला.

चौथ्या आठवड्यात त्यांनी एक झेरॉक्स वाटली. वकिली शिकणाऱ्या रोमन मुलांना काय पढवत, याचं त्यांनी स्वतः केलेलं टिपण होतं. पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे, गुलामाची साक्ष तुमच्या बाजूची असेल तर काय बोलायचं: वेदनेपुढे खोटेपणा टिकत नाही, शरीर पिळलं की सत्य बाहेर पडतं. उजवीकडे, साक्ष तुमच्या विरुद्ध असेल तर: वेदनेत माणूस वाटेल ते बोलतो, सुटका होईल ते बोलतो. एकाच मुलानं दोन्ही बाजू पाठ करायच्या.

मी विचारलं की यातलं कुठलं त्यांना खरं वाटायचं.

"हा प्रश्न त्या खोलीतला नाही," ते प्रेमानं म्हणाले. "वकिलाला मत नसतं, बाजू असते. त्यातच तर सौंदर्य आहे."

माझ्या शेजारी एक निवृत्त खाणकामगार बसत असे. कोळशाच्या खाणी बंद झाल्यावर त्यानं बाकी सगळे वर्ग करून पाहिले होते, कुंभारकाम, स्पॅनिश, घड्याळदुरुस्ती; आता रोम. तिकडच्या रिवाजाप्रमाणे तो सगळ्यांना लाडानं 'डक', म्हणजे बदक, म्हणायचा, लॅटिन शिक्षकांनासुद्धा. त्यानं झेरॉक्स उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली आणि मला म्हणाला, "तिसरा कॉलम विसरले वाटतं, डक. गुलामाचा."

मला हसू आलं नाही. मला राग आला होता, आणि तो त्या खोलीपुरता नव्हता. ते दोन्ही कॉलम मी आधी ऐकलेले होते, मराठीत, एकाच दिवशी, एकाच कोर्टात.

जिल्ह्याच्या गावी एका ठेकेदाराचा बंगल्यात खून झाला होता. आरोपी त्याचा सख्खा भाऊ. भावाला मागच्या दारानं जाताना पाहणारी एकच व्यक्ती होती, धुणीभांडी करणारी बाई. पोलिसांनी तिला दोन दिवस ठाण्यात ठेवून घेतलं आणि मग तिचा जबाब लिहिला. कोर्टात बचावाच्या वकिलांनी तिला विचारलं, भाऊ साडेनऊला गेला म्हणतेस, तुला घड्याळ कळतं का? ती नाही म्हणाली. मग साडेनऊ वाजले हे तुला कोणी सांगितलं, खराट्यानं? कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी मान खाली घातली. बहुधा तेही हसले. बाई म्हणाली की नळ गेला होता. त्या गल्लीतला नळ रोज साडेनऊला जायचा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण वकील तोवर पुढच्या प्रश्नावर गेले होते.

मग युक्तिवाद झाले. बचावाचे वकील म्हणाले, दोन दिवस पोलिसांच्या ताब्यात राहिलेली अडाणी बाई पोलीस पढवतील तेच बोलणार. सरकारी वकील म्हणाले, कसून चौकशी झाली म्हणूनच सत्य बाहेर आलं. उजवा कॉलम, डावा कॉलम. त्या दोन दिवसांत काय झालं, हे दोघांनीही तिला विचारलं नाही. दोघांनाही ते दोन दिवस हवे होते, पण फक्त वाक्यात वापरायला.

मधल्या सुट्टीत ती कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली होती. माझ्या हातात वही पाहून म्हणाली, "ताई, दोन दिस मले खाली बसू नाही देलं. थे लिहा."

मी ते लिहिलं. नळाचंही लिहिलं. बातमीच्या सुरुवातीला खराट्याचा प्रश्न घेतला, कारण चांगला मथळा त्यातच होता. मग दोन्ही वकिलांची उत्तम वाक्यं. आणि शेवटच्या परिच्छेदात, चार ओळींत, नळ आणि दोन दिवस. संध्याकाळी एक जाहिरात वाढली. उपसंपादकांनी बातमी कापली, आणि बातमी खालून कापतात. कोणत्याही वृत्तपत्रात ती खालूनच कापतात. म्हणून तर महत्त्वाचं वर लिहायला शिकवतात. त्यांची काही चूक नव्हती. तिचं म्हणणं खाली मी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वेगळी बातमी करू शकले असते. केली नाही. भाऊ सुटला. त्याच्या वकिलांनी मला फोन करून बातमी छान झाल्याचं सांगितलं, आणि मला बरं वाटलं.

हे सगळं मी शिक्षकांना सांगितलं नाही. त्यांनी परीक्षेसाठी एक खटला रचला होता. एक जमीनदार स्नानगृहात मेलेला सापडतो. पुतण्यावर आरोप. दाराशी उभी असलेली गुलाम स्त्री छळाखाली सांगते की पुतण्या निघाला तेव्हा मालक जिवंत होता. म्हणजे साक्ष बचावाच्या बाजूची. चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला बचाव आला. मला वेदनेपुढे खोटेपणा टिकत नाही, हे सिद्ध करायचं होतं.

घरी नवऱ्याला डावा कॉलम वाचून दाखवला. तो नुकताच ड्यूटीवरून आला होता आणि उभ्याउभ्याच टोस्ट खात होता. त्याचं अख्खं कामच वेदनेशी. तो पेशंटना विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आणि पेशंट आकडा सांगतो. तो म्हणाला की लोक खरा आकडा सांगत नाहीत. ज्या आकड्यावर औषध मिळेल तो सांगतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

"म्हणजे हे खोटं आहे," मी म्हटलं.

"शंभर टक्के."

"आणि मी ते बोलायचं."

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "नाटक आहे ग ते. जागा मिळवायची आहे ना तुला? मग बोल आणि मोकळी हो."

मी तसं बोलायचं नाही असं ठरवलं. ठरलेला क्रमच मोडायचा असं ठरवलं. इतकी वर्षं हातात बसलेली सवय होती: जे सर्वांत महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात. त्या सवयीनं भाषण लिहिलं. पहिलं वाक्य गुलाम स्त्रीचं. तिला किती दिवस ठेवलं, काय केलं, कोणी केलं, कागदावर तिचं नाव का नाही. मग त्या दोन कॉलमांबद्दल. मग घटनेची हकिगत. मग पुतण्याच्या निर्दोषपणाचे बाकीचे पुरावे: दरवानानं त्याला नदीकडे जाताना पाहिलं होतं आणि सावकाराकडे तो वेळेवर पोहोचला होता. शेवटी त्याची म्हातारी आई.

परीक्षेच्या मंगळवारी टेबलं ओढून कोर्ट केलं होतं. वर्गातले बाकीचे सगळे पंच. शिक्षक न्यायाधीश. त्यांनी पलंगावरची चादर रोमन लोकांच्या टोग्यासारखी अंगाभोवती गुंडाळली होती. खोली तापवणाऱ्या रेडिएटरजवळ बसल्यामुळे त्यांना घाम येत होता. खाणकामगार कारकून होता आणि पाण्याच्या घड्याळावरही त्याचीच नेमणूक होती. लिंबू सरबताची प्लॅस्टिकची बाटली, बुडाला सुईनं पाडलेलं भोक, खाली बादली. घरी चार वेळा तपासून आणलंय, असं त्यानं सांगितलं. बायकोनं विचारलं तेव्हा आपण रोमच्या नोकरीत असल्याचं तिला सांगितलं, असंही म्हणाला.

मी उभी राहिले. पंचांना नमस्कार केला नाही, त्यांच्या शहाणपणाची स्तुती केली नाही. सरळ त्या स्त्रीपासून सुरुवात केली. आवाज माझ्या ताब्यात होता. राग असला की माझा आवाज खाली जातो. मी कारकुनाला तिचा जबाब वाचायला सांगितलं. त्यानं वाचला. मग मी विचारलं, याच्या आधीचं पान कुठे आहे?

"आधीचं पान नाही," खाणकामगार म्हणाला. मग कागद उलटून, त्या झेरॉक्ससारखाच, "मागेही काही नाही."

न्यायाधीशांनी हात वर केला आणि तो मुद्दा खटल्याशी संबंधित नसल्याचं सांगितलं. मी म्हटलं की खटला त्याच पानावर उभा आहे. त्यांनी सौम्यपणे आठवण करून दिली की जबाब माझ्याच अशिलाच्या बाजूचा आहे. तो मी पाडला तर अशील जातो. मी थांबले नाही. दोन्ही कॉलम वाचून दाखवले. म्हटलं, हे ज्यांनी पाठ करून घेतलं त्यांना कायदा येत होता, भाषा येत होती, ताल येत होता, आणि एवढं सगळं येणाऱ्या माणसांपैकी एकालाही त्या बाईला खाली बस म्हणावंसं वाटलं नाही. हे वाक्य कागदावर नव्हतं. बोलून झाल्यावर मला कळलं की आपण कुणाबद्दल बोललो.

बाटलीतून शेवटचा थेंब पडला. खाणकामगारानं माझ्याकडे पाहिलं, बाटली हलवून पाहिली आणि नाइलाजानं ती आडवी ठेवली.

मी दरवानापर्यंत पोहोचले नव्हते. सावकाराचं नाव निघालं नव्हतं. म्हातारी आई तर फार लांब होती. माझ्या अशिलाच्या बाजूचं जे काही होतं ते सगळं मी खाली ठेवलं होतं, आणि पाणी खालूनच कापतं. पंचांनी मतं दिली. दोषी. रोममध्ये त्याला पोत्यात शिवून पाण्यात टाकलं असतं, असं शिक्षकांनी वर्गाच्या माहितीसाठी सांगितलं. वडील मारणाऱ्याला ती शिक्षा होती, आणि शिक्षकांच्या खटल्यात काका म्हणजे वडीलच धरला होता.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. चादर घडी करता करता म्हणाले की इंग्रजी उत्तम होतं आणि त्यांनी वर्गात ऐकलेलं हे सर्वांत मनापासूनचं भाषण. पण श्रेणी देता येणार नाही. नियम लेखी आहेत: भागांचा क्रम, अशिलाचा बचाव, वेळेत समारोप. "तुम्ही कोणाच्या वतीनं उभ्या होता ते विसरलात," ते म्हणाले.

"तिच्या वतीनं कोण उभं होतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही," ते म्हणाले. त्यांना माझा राग आला नव्हता. ते अगदी खरं बोलत होते, आणि त्यामुळेच मला ते असह्य झाले. दोन हजार वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांच्यासाठी एका सुंदर वाक्यरचनेचा तपशील होती. मग ते म्हणाले की पुढच्या मंगळवारी निकाल पाठवण्याआधी अर्धा तास आहे. मला हवं असेल तर तेच भाषण ठरलेल्या क्रमानं पुन्हा करता येईल. विद्यापीठातली जागा जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आठवडाभर मी चिडलेली होते. बसमध्ये, दुकानात, भांडी विसळताना. नवऱ्याशी दोनदा भांडले. तो एकदाच तोडून बोलला: "तू चार वर्षांपूर्वी करायची ती बातमी आता रोममध्ये का करतेयस?" मी त्याला त्याच्या शून्य ते दहा आकड्यांवरून बोलले, जे त्याला लागलं.

पुढच्या मंगळवारी मी गेले आणि भाषण ठरलेल्या क्रमानं केलं.

तेच पंच पुन्हा जमले होते, या वेळी घड्याळ सांभाळणारा खाणकामगारही त्यांच्यात होता; त्यांच्या शहाणपणाची स्तुती केली. जमीनदाराच्या घराची हकिगत सांगितली, स्नानगृहातली वाफ, ओल्या फरशीवरची पावलं. दरवान आला, सावकार आला. मग गुलाम स्त्रीचा कागद हातात घेतला आणि डावा कॉलम बोलले. शरीर पिळलं जातं तेव्हा खोटेपणा आधी सोडून जातो. शिक्षकांसारखा उजवा हात खांद्यापर्यंत आणला आणि वाक्य संपेपर्यंत तिथेच ठेवला. तो हात मी ठरवून वर नेला नव्हता. आवाज छान लागला होता. खोलीत कोणी हललं नाही. बोलताना मला सुख होत होतं, हेही लिहिलं पाहिजे. कोर्ट हसलं होतं तेव्हा त्या वकिलांना झालं असेल तसंच. म्हाताऱ्या आईपाशी पोहोचले तेव्हा बाटलीत बोटभर पाणी शिल्लक होतं. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी डोळे पुसले.

निर्दोष. एक मत विरुद्ध होतं.

शिक्षकांनी तिथेच श्रेणी लिहिली, वरची. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले की ही कला अशी असते. मी आभार मानले.

खाली लायब्ररीच्या दारात खाणकामगार त्याची बाटली कॅरियर बॅगेत घालत होता. विरुद्ध मत त्याचंच, हे त्यानं लपवलं नाही. तरुणपणी एकदा कोर्टात त्याचा जबाब वाचला गेला होता, एवढंच तो म्हणाला. पोलिसानं लिहिलेला, त्याच्या तोंडी कधीच न आलेल्या शब्दांत. ऐकताना आपणच किती छान बोललो असं वाटलं, म्हणे.

"आज फार छान बोललीस, डक," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात हरलीस ते जास्त बरं होतं."

मी म्हटलं की मला जागा हवी होती.

"हो, ते सगळ्यांनाच कळलं," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.

मला प्रवेश मिळाला. तीन वर्षांनी पदवीही मिळाली. त्या काळात रोमन कोर्टांवर दोन निबंध लिहिले आणि दोन्हींत गुलामांच्या साक्षीला शेवटून दुसरा परिच्छेद दिला. मार्गदर्शकांनी दोन्ही वेळा समासात लिहिलं की हा भाग रोचक आहे, वाढवायला हरकत नाही. शब्दमर्यादा होती. मी वाढवला नाही.

कोर्टाच्या बातम्यांची ती वही मी सामानात इंग्लंडला आणली होती, ती अजून आहे. बचावाच्या वकिलांची त्या दिवशीची वाक्यं मला तोंडपाठ येतात, थांबण्याच्या जागांसकट. बाईचं वाक्य वर लिहिलं ते वही उघडून, पान शोधून उतरवलेलं आहे. तिचं नावही त्याच पानावर असेल असं मला वाटत होतं. ते मी लिहून घेतलेलं नाही.